येतो म्हणाला

१

अश्वजित शिफ्टला गेला की मी कपाटात जाऊन बसायचे. सासूबाईंना व्हिडिओकॉलवर हे सांगितलं तेव्हा त्यांनी फोन तोंडाजवळ आणला. मग हळूच म्हणाल्या, "भांडण झालं का गं?"

"नाही हो आई. काम असतं तिथे."

काम खरंच होतं. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी मराठी पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायचे. न्यूनेन या डच गावातलं आमचं भाड्याचं घर म्हणजे एका रांगेतल्या सारख्या घरांपैकी एक. पातळ भिंती, मोठ्या काचा, बोललं की प्रत्येक शब्द परत अंगावर येणार. फक्त झोपायच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात आवाज मुरायचा, कारण तिथे माझ्या साड्या टांगलेल्या होत्या. लग्नातली पांढरी, स्वागत समारंभाचा शालू, दोन मावश्यांच्या दोन पैठण्या. लग्न होऊन इथे आले आणि महिन्याभरात टाळेबंदी लागली. एवढं नेसून जायचं कुठे? दूध आणायला? निदान आवाज शोषायला तरी साड्या कामी आल्या. त्यांच्यात खुर्ची टाकून बसलं आणि मागे हात लांब केला की गार भिंत लागायची. भिंतीपलीकडे शेजारच्या आजींचं घर. त्या करोनाच्या भीतीनं मुलीकडे राहायला गेल्या होत्या, त्यामुळे तिकडेही सामसूम.

त्या हिवाळ्यात कंपनीतल्या मालिनीताईंनी प्रताप वाघधरेंची कादंबरी पाठवली. वाघधरेंनी जन्मभर मंत्र, प्लँचेट आणि स्मशानं यांवर लिहिलं. माझ्या माहेरी असल्या पुस्तकांना दारातूनच परत पाठवायचे. माझे वडील विहारात अंधश्रद्धेवर भाषणं देत, आणि मी पहिल्या रांगेत बसून जांभया देत असे.

"हे भुताचं नाहीये," फोनवर मालिनीताई म्हणाल्या. "त्यांच्या बाकीच्या पुस्तकांना आम्ही कुत्रं रडल्याचा आवाज टाकतो. याला काही नको. हे त्यांनी स्वतःबद्दल लिहिलंय. पेथिडिनची इंजेक्शनं घ्यायचे ना ते, नशेसाठी. तू फक्त आवाज सपाट ठेव."

कादंबरीचं नाव होतं 'उजेडाची तलफ'. नाव वाचून मी पुस्तक पालथं घातलं आणि आधी चहा केला.

२

कारण अश्वजित.

आमचं बघण्याचं ठरलं तेव्हा गच्चीवर दोघांनाच पाठवलं होतं. त्यानं पहिलंच वाक्य टाकलं, "मी हॉस्टेलला असताना गोळ्या खायचो. पाय मोडला होता, त्याच्या दुखण्याच्या. पाय बरा झाला तरी खायचो. आता नाही खात. पण सांगायला हवं." माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. मी म्हटलं, "मला वांगं आवडत नाही." तो इतका हसला की खालून काकूंनी वर डोकावून पाहिलं.

मी होकार दिला तो त्या हसण्याला. आणि मनाशी एक गोष्ट ठरवली: हा माणूस पुन्हा तिकडे जाता कामा नये. बाकी संसारात मला फारसं काही ठरवता आलेलं नाही.

तसा हा देश त्याच्यासाठी सुरक्षित होता. इथला डॉक्टर कशालाही पॅरासिटामोल देतो. ताप, पाठदुखी, घराची आठवण, सगळ्याला पॅरासिटामोल आणि भरपूर पाणी. रविवारी आपल्या लोकांची ऑनलाइन वंदना असायची. आइंडहोवन, आल्मेरे, कापेल, सगळीकडून चौकोन उघडायचे आणि सगळे मागेपुढे पंचशील म्हणायचे, कुणाचंच कुणाशी जुळायचं नाही. पाचवं शील, नशेपासून दूर राहण्याचं, आलं की अश्वजितचा आवाज किंचित चढायचा. मला ते फार आवडायचं. दार लावून वर कडी घालावी तसं.

माझं रेकॉर्डिंग तोच साफ करायचा. चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत तो कंपनांवर काम करायचा. यंत्र कशानं थरथरतं ते शोधायचं आणि ती थरथर मारायची. माझे श्वास, ओठांचे आवाज, पोटाची गुरगुर, हे सगळं घरी आल्यावर तो प्रेमानं मारत बसे.

वाघधरे त्याला ऐकवावेत की नाही, याचा मी विचार केला. विचारलंसुद्धा.

"प्रणिता, मी काय काचेचा आहे का?" तो म्हणाला. "वाच तू. शब्द मी ऐकतच नाही, नुसत्या लाटा बघतो."

३

पुस्तक चांगलं होतं. हे सांगायला हवं, कारण वाईट असतं तर मी सावध राहिले असते. वाघधरे कुठेही रडत नाहीत. सुईबद्दल तर जवळजवळ लिहीतच नाहीत. नंतर जे येतं त्याबद्दल लिहितात, आणि त्याला म्हणतात 'तो'. तो आला. तो पलंगाच्या कडेला टेकला. घरात एवढी जागा आहे हे त्यानंच मला दाखवलं.

एका सकाळी, बाहेर पांढरट उजेड, पाऊस नाही आणि ऊनही नाही, मी प्रकरण संपवलं. प्रकरणाच्या शेवटी थोडी शांतता रेकॉर्ड करावी लागते, जोडकामासाठी. मी डोळे मिटून बसले होते. कानांवर हेडफोन. आणि अश्वजित म्हणाला, "येतो."

घरातून बाहेर पडताना म्हणतो तसंच. जरा घाईत, शेवटचा स्वर खाऊन.

"हं, ये," मी म्हणाले.

यात विचार नसतोच. आपल्याकडे जाणारा 'जातो' म्हणत नाही आणि निरोप देणारं 'जा' म्हणत नाही. आईनं लहानपणी याच एका गोष्टीवरून मला चापट मारली होती. बाकी अंधश्रद्धा घरात नव्हत्या, ही एक होती, आणि हिला कुणी अंधश्रद्धा म्हणत नसे. रीत म्हणत.

मी बाहेर येऊन पाणी प्याले. खिडकीतून पाहिलं तर अंगणातली त्याची सायकल नव्हती. सायकलच्या जागी फरशीवर दवही तसंच पसरलेलं. तो केव्हाच गेला होता. मी स्वतः त्याचा डबा भरून दिला होता, आणि तेव्हाही 'ये' म्हणाले होते.

मग मी शहाण्या माणसासारखी कारणं शोधली. हेडफोनमधला जुना तुकडा असेल. रस्त्यावरून कुणी डच माणूस काही बोलला असेल. डचमध्ये काहीतरी 'येतो'सारखं असेलच की. ही भाषा मला कुठे येते?

४

संध्याकाळी अश्वजित ते प्रकरण साफ करत होता. मी कणीक मळत होते.

"इकडे ये गं जरा. हे 'ये' कुणाला म्हणालीस?"

"तुला. म्हणजे... मला वाटलं तू आहेस."

"बरं. त्याच्या आधी ऐक."

त्यानं हेडफोन माझ्या कानांवर ठेवले. माझे हात पिठाचे. आधी माझ्या वाचण्याची शेवटची ओळ आली, नेहमीसारखी जवळची, कापडात गुंडाळलेली. मग शांतता. आवाज कुणाचाच नव्हता, 'येतो' तर नाहीच. पण ती शांतता कपाटातली नव्हती.

कसं सांगू? मोठ्या विहारात शंभर माणसं डोळे मिटून बसलेली असतात, कुणी हलत नाही, तरी बाहेर चपला काढतानाच आपल्याला कळतं की आत माणसं आहेत आणि वर घुमट आहे. तसं. त्या विहारालाही भिंती असतात, याला नव्हत्या. मग त्या अफाट जागेत, अगदी लहान, माझा आवाज: हं, ये.

माझ्या मानेवर काटा आला. घाबरून नव्हे, हे प्रामाणिकपणे लिहिते. लहानपणी पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा आला होता तसा.

"खोली मोठी झालीये," अश्वजित पडद्यावरच्या लाटांकडे बघत म्हणाला. "हा घुमारा बघ. संपतच नाहीये. एवढ्या घुमाऱ्याला केवढी जागा लागेल माहितीये? अख्खं न्यूनेन पुरणार नाही."

"माइक बिघडला असेल."

"हो, तेच असणार," तो म्हणाला, आणि तो तुकडा त्यानं परत लावला.

माझ्या पोळ्या होईपर्यंत तो तेच ऐकत होता.

५

पुढच्या दिवसांत घरात काही बिघडलं नाही. उलट सगळं सुधारलं. अश्वजित आल्याबरोबर हात धुऊन ऐकायला बसायचा आणि उठायचा तेव्हा चेहरा असा, जणू कुणीतरी त्याच्या कपाळावरून हात फिरवलाय. माझ्याशी गोड बोलायचा. ताटात मात्र अर्धं तसंच राहायचं. कांद्याची भजी केली, त्याचा जीव की प्राण, तीही गार झाली. व्हिडिओवर सासूबाई म्हणाल्या, "बारीक झाला का रे? पण तुकतुकीत दिसतोस हो. मानवलं तुला लग्न." मला पदराआड तोंड लपवावंसं वाटलं, पण अंगात स्वेटर होता.

रविवारी वंदनेला पाचवं शील आलं. मी कान देऊन होते. शेजारी त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. स्क्रीनवर पाहिलं, त्याच्या चौकोनावर लाल रेघ. बाकी चारही शिलांना माइक चालू होता.

वंदना संपल्यावर मी लॅपटॉप मिटला. "किती वेळा ऐकतोस?"

"काय?"

"माहितीये तुला काय."

त्यानं नाटक केलं नाही, ते त्याला जमतही नाही. "गोळी घेतलीये का मी? इंजेक्शन? काहीच नाही ना त्यात, प्रणिता. शांतता आहे नुसती."

"मग एक दिवस नको ऐकूस."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात आधी राग होता, मग लाज, आणि मग एक हिशेबी गोडवा, जो मी कधी पाहिला नव्हता, पण ज्याच्याबद्दल मी तेव्हा अख्खं पुस्तक वाचत होते. "बरं," तो म्हणाला. "उद्यापासून."

मी मालिनीताईंना फोन केला. "ताई, मला हे पुरं करता येणार नाही."

"अगं, शेवटचंच प्रकरण राहिलंय ना? काय झालं? घसा बसला का?"

"हो, घसा," मी म्हणाले.

मग ती शांततेची फाइल मी पुसली. नंतर कळलं, त्याच्याकडे दुसरी प्रत होती. अर्थात होती.

शेवटचं प्रकरण मी रेकॉर्ड न करता, स्वयंपाकघरात उभ्यानं, मनात वाचलं. नशा उतरली की 'तो' उठतो, उंबऱ्यात थांबतो आणि सभ्यपणे 'येतो' म्हणतो. वाघधरे दर वेळी 'या' म्हणतात. माणसानं असभ्य असू नये, असं त्यांचं म्हणणं. संबंध कादंबरीत त्यांची बायको एकदाच बोलते. ती दारात येते आणि म्हणते, "जा." बस. त्यापुढे थोडी पानं उरतात. त्यांत वाघधरे बरे झालेले आहेत. चालायला जातात, भाजी आणतात, बायकोला गजरा आणतात.

ती पानं मी पुन्हा वाचली, ओठ हलवत, कारण काहीतरी खुपत होतं. मोठ्यानं वाचणाऱ्याला लेखकाचा श्वास पाठ होतो. कुठे स्वल्पविराम नसला तरी हा माणूस दम घेणार, हे जिभेला कळतं. त्या शेवटच्या पानांत श्वासाच्या जागा बदलल्या होत्या. वाक्यं गोड होती, स्वच्छ होती, आणि ती वाघधरेंची नव्हती.

बाईनं 'जा' म्हटलं होतं. ते वाघधरे आणि 'तो' या दोघांपैकी कुणाला लागलं, हे कुणी तपासलं नसावं.

६

फेब्रुवारीत बर्फ पडला, इथल्या लोकांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता एवढा. बस बंद, सायकलीही बंद, अश्वजितला सुट्टी. दुपारी मी दूध आणायला निघाले. तो सोफ्यावर बसून होता, हेडफोन नव्हते, हात मांडीवर. "मी येऊ का सोबत?" म्हणाला. मी म्हटलं, "घसरशील, बस तू." हे माझं चुकलं, पण त्याच्या त्या विचारण्यानं मला बरं वाटलं होतं.

दुकानातून परत आले तेव्हा रस्ता इतका पांढरा होता की आपलं घर कुठलं, हे दारावरचा आकडा वाचून ठरवावं लागलं. आत हीटरचा आवाज येत नव्हता. फ्रिजचाही नाही. घरं गप्प असतात तेव्हाही काहीतरी गुणगुणत असतात, हे मला नवऱ्याच्या कामामुळे माहीत होतं. आमचं घर गुणगुणत नव्हतं.

"अश्वजित?"

मी हाक मारली आणि ती परत आली नाही. त्या उघड्याबोडक्या घरात, जिथे चमचा पडला तरी तीन वेळा ऐकू यायचा, माझी हाक सरळ पुढे निघून गेली. जिना चढून, झोपायच्या खोलीकडे, आणि पलीकडे.

कपाटाचं दार उघडं होतं. खुर्ची बाहेर काढून ठेवलेली, नीट, भिंतीला लावून. त्याच्या चपला दाराशी, विहाराबाहेर काढाव्यात तशा जोडीनं.

साड्या हलत होत्या. आतून वारा येत होता, गार नाही, उबदारही नाही. मी पांढरी साडी बाजूला केली. शालू बाजूला केला. पैठणी, दुसरी पैठणी. मग हात लांब केला. भिंत लागली नाही.

मी थोडी पुढे वाकले. तिथे जे होतं त्याचं वर्णन करायला मला वाघधरेंचे शब्द उसने घ्यायचे नाहीत, आणि माझ्याकडे माझे नाहीत. पहाट व्हायच्या आधी उजेडाला रंग नसतो, तसा उजेड. जमीन होती आणि ती लांबवर जात होती. छत नव्हतं, आणि छत नसूनही आकाश नव्हतं. आणि ती शांतता. रेकॉर्डिंगमध्ये तिचा केवळ वास आला होता. माझे खांदे आपोआप खाली आले. लग्नापासून, नव्या देशापासून, कदाचित जन्मापासून जे खांदे मी उचलून धरले होते, ते. मला एकच विचार आला: हे एवढं सुंदर असेल असं कुणी कसं सांगितलं नाही? आणि दुसरा: हा इतकी वर्षं याच्याशिवाय कसा राहिला? त्या क्षणी मला माझ्या नवऱ्याचा जेवढा आदर वाटला तेवढा कधी वाटला नव्हता.

"अश्वजित," मी म्हटलं.

उजेडात, नेमकं किती दूर ते सांगता येणार नाही, कुणीतरी पाठमोरं उभं होतं. मग मला दिसलं की दोघं उभे आहेत, इतके लगटून की एकच वाटावेत. त्यातला एक वळू लागला. मी डोळे मिटून घेतले. तेवढी अक्कल मला राहिली होती.

तेव्हा ऐकू आलं.

"येतो."

आणि लगेच, त्याच आवाजात, घाईत, शेवटचा स्वर खाऊन:

"येतो."

७

एक जण निरोप घेऊन आत निघाला होता. दुसरा तिथला निरोप घेऊन माझ्याकडे परत फिरणार होता. दोघांना माझं उत्तर हवं होतं, आणि उत्तर माझ्या जिभेवर येऊन बसलंही होतं, आईच्या चापटीसकट. 'ये' म्हणाले तर दोघंही येतील, दोघंही माझे होतील, रोज. काहीच बोलले नाही तर दोघं तिथेच, आणि माझा माणूस त्यातला एक.

मी ऐकत राहिले. मला कामच ते येत होतं. पहिला आवाज तृप्त होता, कुठेही अडकत नव्हता, गजरा आणणाऱ्या माणसाचा. दुसऱ्यात 'ये'च्या आधी एक लहानशी खरखर होती, दम घेतल्याची. तो श्वास मी ओळखत होते का? वर्षभराची बायको मी. त्यातलेही निम्मे दिवस त्याच्या तोंडावर मास्क.

मी पहिल्या आवाजाच्या दिशेनं तोंड केलं आणि म्हटलं, "जा."

शब्द निघाला तशी माझी जीभ भाजल्यासारखी झाली. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी तसं म्हणाले होते. मग मी हात आत घातला, खांद्यापर्यंत, डोळे मिटलेलेच, आणि जे मनगट हाताला लागलं ते धरून ओढलं. ते जड नव्हतं. त्यानं विरोधही केला नाही.

साड्या दोघांच्या अंगावर पडल्या. खाली फ्रिज सुरू झाला. डोळे उघडले तेव्हा कपाटाची मागची भिंत जागेवर होती, तिच्यावरचा रंगाचा पोपडाही. अश्वजित जमिनीवर बसला होता, गुडघ्यावर माझी पांढरी साडी, गाल ओले. मी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. भुवईवरचा व्रण तोच, दाढीचे खुंट तेच. मी त्याच्या छातीला कान लावला आणि श्वास ऐकू लागले. इतकी रडत होते की मला माझाच ऐकू येत होता.

"प्रणिता," तो म्हणाला. "ते 'जा'... मला म्हणालीस?"

"नाही," मी म्हटलं. "तुला नाही रे. तुला कसं म्हणेन?"

त्यानं मान हलवली. खोलीकडे पाहिलं. पलंग, खिडकी, बाहेरचा बर्फ, एकेका वस्तूवर नजर ठेवत, पाहुण्यानं पाहावं तसं. मग माझा हात हातात घेतला आणि फार हळू, फार अदबीनं विचारलं,

"मग थांबू?"

मी त्याच्याकडे पाहिलं. जेवढं पाहता येतं तेवढं पाहिलं.

"थांब," मी म्हणाले.